तंबूवरचे लाल टाके

हमीद, तंबू माझ्याकडे आहे, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर तू तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत बसशील. तुझ्या सायरानं तो तू गेल्यावर महिन्याभरानं पाठवला. चांगला झटकून, घडी घालून, तुझ्याच गाठीनं बांधून. सोबत पत्र्याच्या डबीत तुझं दाभण आणि दोन रिळं, एक लाल, एक पांढरं. फोनवर म्हणाली, "नाना, अब्बा बोलके गए थे, तंबू नाना के घर जाएंगा." मी म्हटलं, "जाईल नाही तर काय. अर्धा माझाच आहे तो." आणि फोन ठेवला. 

तू गेलास त्या दिवशी जळगावात, मेहरूणला तुझ्या दारात पुष्कळ माणसं होती. ट्रकवाले, केळीचे व्यापारी, गल्लीतले सगळे. जो तो तुझ्याविषयी चांगलं बोलत होता. हमीदभाईच्या ताडपत्रीच्या टाक्यातून पाणी कधी आत आलं नाही. हमीदभाई कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत. मग मला म्हणाले, नाना, तुमची एवढ्या वर्षांची दोस्ती, तुम्ही बोला. मी म्हटलं, माझं त्याच्याशी भांडण चालू आहे, ते मिटल्यावर बोलेन. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखानं बरळतो. पण तुला माहीत आहे, भांडण खरंच चालू होतं.

ते आता मिटलं आहे. कसं मिटलं ते सांगायला ही वही घेतली. मी चौथी पास, तू सातवी नापास, आणि यात मोठं शिक्षण कोणतं यावर आपलं कधी एकमत झालं नाही. तेव्हा अक्षर कसं का असेना, नावं ठेवायची नाहीत.

तंबूची सुरुवात आठवते? माझ्या केळीच्या गाडीची ताडपत्री फाटली म्हणून मी तुझ्या दुकानी आलो होतो. तू मशीनवर नव्हतास. दुकानाच्या मधोमध एक हिरवा तंबू उभा होता आणि त्याच्यात बसून तू चहा पीत होतास.

"हे काय?" मी विचारलं.

"एका साहेबानं शिवाले सांगितला होता. शिवून झाला अन् साहेबाची बदली झाली. आता मीच साहेब. ये, आत ये."

मी आत वाकून बसलो. तू अर्धा चहा बशीत ओतून दिलास. बाहेर ट्रकांचे हॉर्न, हमालांची आरडाओरड, आणि आत आपण दोघं साहेब. तू म्हणालास, "नाना, हा आठी दुकानात शोभत नाही. याले झाड पाहिजे, पाणी पाहिजे." मी म्हटलं, "झाड-पाणी माझ्या माहितीत आहे. चल."

असं आपण मोहबारीच्या तळ्यावर गेलो. यावल सोडून सातपुड्याच्या पायथ्याला लागलं की डांबर संपतं, पुढे दोन कोस गाडीवाट, मग एकदम पाणी. काठाला वनखात्यानं दगडमातीचे सात ओटे करून ठेवलेले, तंबू ठोकायला. एक हातपंप. दिवा नाही, दुकान नाही, फोन तर आजही लागत नाही. गुलाब वॉचमनची चौकी आणि चौकीवर पाटी, की जागा राखून मिळणार नाही, आधी येईल त्याची. लाकूड तोडायचं नाही, पडलेलं वेचायचं. आणि पाटीवर नसलेली, पण सगळे पाळतात ती रीत अशी, की ओट्यावर तीन दगड मांडून जाळ केला की ओटा त्याचा, आणि निघताना मागून येणाऱ्यासाठी थोडं सरपण दगडांशेजारी ठेवून जायचं. सात ओट्यांत तिसरा राजा. डोक्यावर जांभूळ, पुढे दहा पावलांवर पाणी, मागे वाटेचं वळण.

साहेबानं तंबूला दार एकच सांगितलेलं. तिथंच घोळ झाला. मी म्हटलं, दार वाटेकडे. तू म्हणालास, पाण्याकडे.

"नाना, वाट काय पाहाची? वाट तर घरी बी दिसते."

"कोण येतं, कोण जातं, समजाले पाहिजे. जंगल आहे हे."

"कोण येईल? अस्वल? ते काय नमस्ते करून येणार आहे?"

"आलं तर समोरून दिसलं पाहिजे."

"अन् दिसल्यावर तू काय करशील?"

मी खुंट्या ठोकायला लागलो. मी एका बाजूनं ठोकत गेलो, तू दुसऱ्या बाजूनं उपटत आलास. ते पाहून गुलाब चौकीतून आला. तेव्हा पोरगेलाच होता, पण अक्कल आपल्या दोघांपेक्षा जास्त. म्हणाला, "भाऊहो, भांडता कशाले? पाटीवर लिहिलेलं आहे. आधी येईल त्याचं."

तोच कायदा आपण घेतला. पुढल्या सालापासून संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. मी माझ्या गावाहून फटफटीवर, तू जळगावहून एसटीनं. जो आधी पोहोचून तिसऱ्या ओट्यावर जाळ करील, तो दाराची दिशा ठरवील, आणि हरलेल्यानं दोन दिवस दारावरून तोंडातून शब्द काढायचा नाही. दाराच्या पडद्याला आतून तू दर साली एक फुलीसारखा टाका घालायचास. मी जिंकलो तर लाल, तू जिंकलास तर पांढरा.

पहिल्याच शर्यतीत तुझी बस यावलच्या पुढे बंद पडली आणि पहिला लाल टाका मला मिळाला. त्या टाक्याबद्दल मला काही सांगायचं आहे, पण ते शेवटी. अजून धीर होत नाही.

सव्वीस हिवाळे झाले. एकोणीस लाल, सात पांढरे. गावात मी हे सगळ्यांना सांगायचो. जळगावचा शिंपी, शहरातला माणूस, आणि शेतकऱ्यापुढे टिकत नाही. मी पोहोचायचो तेव्हा ओटा स्वच्छ झाडलेला असायचा. मी म्हणायचो, वनखातं काय काम करतं पाहा! दगडांशेजारी वाळलेल्या काटक्यांची मोळी असायची. मी म्हणायचो, आधीची माणसं काय रीतीची होती! एकदा तर दगड हाताला कोमट लागले. जानेवारीतली सकाळ, आठ वाजलेले, तोंडातून वाफ निघते आहे, आणि मी मनाशी म्हटलं, उन्हानं तापले असतील. चौथी पास.

मी जाळ करायचो, मिश्या पुसून बसायचो, आणि दहा मिनिटांनी तू वळणावर दिसायचास. खांद्यावर तंबू आणि पिशवी, धापा टाकत, टोपी तिरकी. ओट्यापाशी येऊन गुडघ्यांवर हात टेकायचास आणि ओरडायचास, "हरलो बा!" असा खुशीत ओरडायचास की जिंकलेल्याला शंका यावी. पलीकडच्या ओट्यावरची माणसंही हसायची. मग म्हणायचास, "नाना, तू बी एकदा म्हणून पाहा. लई हलकं वाटतं." मी म्हणायचो, "ज्याचं काम त्यानं करावं." खरं म्हणजे मी जिंदगीत कोणापुढे तो शब्द उच्चारला नव्हता. भावकीत नाही, बाजारात नाही, घरात तर नाहीच. तू जिंकलास त्या सात सालीही नाही. फुगून बसायचो, पण म्हणायचो नाही.

आणि मग दोन दिवस! हिरवी वांगी विस्तवात भाजून तुझ्या त्या जाड बोटांनी तू साल काढायचास, मी मिरच्या आणि लसूण ठेचायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी माझ्या घरून, लोणचं तुझ्या घरून. तुझा खिमा वेगळ्या दगडांवर शिजायचा, कारण माझ्या घरी तसं सांगितलेलं होतं. एका साली तू हातपंपावर गेलास तेव्हा मी त्यातला चमचाभर खाल्ला. दुसऱ्या साली दोन चमचे. नंतर मी चमचे मोजले नाहीत आणि तू खिमा जास्तीचा आणायला लागलास. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. घरचे वाचतील तर वाचू देत.

दुपारी तू तळ्यात पाय सोडून बसायचास आणि बदकं मोजायचास. चुकायचास. बुडी मारलेलं बदक वर आलं की पुन्हा मोजायचास. मी म्हणायचो, "हमीद, ते आधी मोजलं." तू म्हणायचास, "ते दुसरं होतं, त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं." असं कोणी बोलतं का? मी तेव्हा हसलो नाही. मान फिरवून वाटेकडे पाहिलं. आता एकटाच असताना आठवतं आणि चहा नाकात जातो.

आता या संक्रांतीनंतरचं ऐक.

सून म्हणाली, "नाना, या वयात फटफटीवर जंगलात जायचं नाही." आणि किल्ली लपवली. पिठाच्या डब्यात लपवली. मला ती जागा माहीत होती, कारण माझी बायकोही तिथंच लपवायची. सोमवारी पहाटेच निघालो. तंबू मागे बांधला, तुझी डबी कोटाच्या खिशात. मनात म्हटलं, आज घाई नाही. आज शर्यतीला कोणी नाही. तरी कान पिळलाच मी गाडीचा. सवय.

आठच्या सुमाराला पोहोचलो, आणि तिसऱ्या ओट्यावर दुसऱ्याचा तंबू.

निळा, छत्रीसारखा उघडणारा, विकतचा. बाहेर एक बाई पोळ्यांचा डबा उघडत होती, तिचा नवरा कानटोपी घालून जाळ करत होता, आणि लहान पोर पाण्यात खडे टाकत होती. सव्वीस सालांत असं कधी झालं नव्हतं. मी तडक चौकीवर गेलो. गुलाबचे केस आता पांढरे झाले आहेत, तुला माहीतच आहे. तो उठून उभा राहिला.

"गुलाब, तिसऱ्या ओट्यावर कोण आहे?"

"धुळ्याची माणसं आहेत, नाना. काल सांजेले आली."

"पण तिसरा आपला असतो."

"आपला कसा? आधी येईल त्याचा."

"मग सव्वीस साल मीच आधी येत होतो ना?"

गुलाबनं कानावरची विडी काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली. म्हणाला, "नाना, एक सांगू का? पण रागावाचं नाही."

"सांग."

"तुम्ही कधीच आधी येत नव्हते."

आणि हमीद, मग त्यानं सगळं सांगितलं. की तू सोमवारी येतच नव्हतास. रविवारी दुपारच्या बसनं यायचास. रविवारची गर्दी उठेपर्यंत चौकीत बसायचास, तिसरा ओटा मोकळा झाला की झाडायचास, मोळी आणून ठेवायचास, तीन दगड मांडून जाळ करायचास, म्हणजे दुसऱ्या कोणी बसू नये. सोमवारी सकाळी वळणाच्या खाली माझी फटफटी वाजली की चहाची किटली पिशवीत टाकायचास, विस्तव मातीनं झाकायचास आणि मागच्या मोठ्या अंजनाच्या झाडाआड जाऊन बसायचास. मी येऊन मिश्या पुसेपर्यंत. मग वरून वळसा घालून वाटेनं यायचास.

"अन् त्या धापा?" मी विचारलं.

"नाना, धापा ते झाडामागूनच चालू करायचे," गुलाब म्हणाला. "मले हसू आवराचं नाही. मी चौकीत तोंडात रुमाल घालून बसायचो."

मला इतका राग आला की मी तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं, तळ्याकडे तोंड करून. धुळ्याच्या बाईनं पोरीचे कान झाकले. अरे, सव्वीस साल मी गावात छाती काढून फिरलो! पारावर सांगितलं, लग्नात सांगितलं, तुझ्या सायराच्या सासऱ्याला सांगितलं. आणि तू ते ऐकत मान हलवायचास, "नाना का जवाब नहीं." माणसाला बनवायची काही हद्द असते की नाही? आणि आता मी भांडू कोणाशी?

राग थोडा उतरला तेव्हा मी विचारलं, "मग पांढरे टाके? सात साल तर तो जिंकला होता."

गुलाब म्हणाला, "काही साली ते उठत नव्हते. मी म्हणायचो, हमीदभाई, फटफटी वाजली. ते म्हणायचे, आज राहू दे. आज मले पाणी पाहू दे."

मी तिथंच चौकीच्या पायरीवर बसलो. सातांतली पाच सालं बोटांवर आठवली. जुबेदाभाभी गेल्या, ते साल पांढरं. रस्ता रुंद झाला आणि तुझं दुकान त्यात गेलं, ते पांढरं. तुझ्या धाकट्यानं घर सोडलं, ते पांढरं. तो परत आला त्या सालीही पांढरं, ते मला अजून समजलं नाही. आनंदालाही पाणी लागत असेल. आणि गेलं साल पांढरं. गेल्या साली तुला माहीत होतं का रे? डॉक्टरनं सांगितलं होतं का? मी विचारलं नाही. मी दार पाण्याकडे झालं म्हणून फुगून बसलो होतो. संध्याकाळच्या जेवणापर्यंत तुझ्याशी बोललो नाही. एक अख्खा दिवस घालवला मी.

मग उठून त्या अंजनाच्या झाडामागे गेलो. तिथं एक सपाट दगड आहे. बसून बसून वरून गुळगुळीत झालेला. शेजारी खोडात एक खिळा, पिशवी अडकवायला. व्यवस्थित कारभार! मी दगडावर बसलो. वाटेचं वळण समोर दिसतं, ओट्यावर आलेला माणूस पाठमोरा दिसतो, त्याची फटफटीही दिसते. सगळं दिसतं, हमीद. फक्त पाणी दिसत नाही. खोड आडवं येतं.

तू, ज्याला पाणी पाहायचं होतं. तू दर साली येऊन जिथून पाणी दिसत नाही त्या दगडावर बसायचास, आणि माझी पाठ पाहून उठायचास.

 धुळ्याचा तो माणूस हळूच आला. त्याला गुलाबनं काहीतरी सांगितलं असणार. म्हणाला, "बाबा, आम्ही पलीकडे जातो. तुम्ही या ओट्यावर या." चांगला माणूस. पण मी म्हटलं, "नाही. आधी तुम्ही आलात. कायदा तो कायदा." त्याची बायको तिथूनच म्हणाली, "मग चहा तरी प्या बाबा, तयार शे." चहा प्यालो. कायद्यात चहाला मनाई नाही.

तंबू पाचव्या ओट्यावर ठोकला. तिथं झाड नाही, जमीन जरा उतरती. दार कुठं करायचं, हा सवाल आला. आता कायद्यानं पाहिलं तर आधी ना तू आलास ना मी. दोघंही हरले तर दार कोणी ठरवायचं, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं. मी दाभणानं डोकं खाजवलं. मग पहिली खुंटी ठोकली, दुसरी ठोकली, आणि दार पाण्याकडे केलं. मधे कोणी उपटायला आलं नाही, म्हणून खुंट्या उगाच जास्त खोल गेल्या.

सकाळी पडल्या पडल्या डोळा उघडला तर समोर तळं. वर धुकं, आणि धुक्यातून बदकं अशी निघत होती जशी कोणी एकेक करून आतून सोडतं आहे. मी पांघरुणातून हातही बाहेर काढला नाही आणि सगळं पाहिलं. नऊ होती. नंतर अकरा. एक वर आलं, त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं.

थंडी मात्र हाडात गेली, हे लिहून ठेवतो. पाण्यावरचा वारा सरळ आत येतो. मी सांगत होतो ते काही खोटं नव्हतं.

तरी तसाच पांघरूण घेऊन बाहेर आलो, पाण्याच्या काठाशी उभा राहिलो आणि म्हणालो. आधी तोंडातल्या तोंडात. मग जरा मोठ्यानं. "हरलो बा!" तिसऱ्या ओट्यावरून ती लहान पोर ओरडली, "कशात, आजोबा?" मी म्हटलं, "सगळ्यात!" ती टाळ्या वाजवायला लागली. तू म्हणायचास ते खरं आहे. हलकं वाटतं. हे तू मला आणखी जोर लावून सांगायला हवं होतंस.

दिवसभर मी ओट्यावर बसून एक काम केलं. दाराचा पडदा मांडीवर घेतला आणि लाल टाके उसवायला लागलो. तुझा टाका उसवणं सोपं नाही. जाड मेणाचा दोरा, त्यावर तुझी ती दुहेरी गाठ. माझे डोळे अधू. धुळ्याची बाई भाकरी घेऊन आली आणि पाहत उभी राहिली.

"काय उसवी ऱ्हायनात, बाबा?"

"खोटं लिहिलेलं होतं. नीट करतो."

ती शेजारी बसली आणि पांढरा दोरा दाभणात ओवून दिला. प्रत्येक टाक्याला नवा ओवून दिला, कारण मला भोक दिसत नव्हतं. मी लाल काढायचो आणि त्याच जागी पांढरी फुली घालायचो. माझ्या फुल्या वाकड्या झाल्या आहेत. तू पाहिलंस तर म्हणशील, नाना, हा टाका आहे की मुंगळा? असू दे. अठरा टाके केले. संध्याकाळी तिनं मोजलं आणि म्हणाली, "बाबा, हा एक लाल राहिला."

मी म्हटलं, "राहू दे. तो खरा आहे."

आता तो टाका.

त्या पहिल्या शर्यतीच्या साली तुझी बस यावलच्या पुढे, केळीच्या मळ्यापाशी बंद पडली होती. हे मला कसं माहीत, असं तू कधी विचारलं नाहीस. मी तिथून गेलो. माणसं उतरून रस्त्याकडेला उभी होती. तू टोपी काढून वारा घेत होतास, पिशवी पायाशी. मी तुला पाहिलं, हमीद. चांगलं पाहिलं. फटफटीवर मागची सीट रिकामी होती. मी मफलर नाकावर ओढला आणि गाडी पळवली. तळ्यावर पोहोचून जाळ केला आणि मिश्या पुसल्या. तू दुपार टळल्यावर पोहोचलास, तिथून सगळी वाट पायी चालून, आणि त्या दिवशीच्या धापा खऱ्या होत्या. तरी हसलास. "हरलो बा," म्हणालास, आणि पहिला लाल टाका घातलास.

तू मला ओळखलं होतंस का? फटफटीचा आवाज तर तू मैलभरावरून ओळखायचास. त्याच्या पुढच्या सालापासून तू रविवारी यायला लागलास, असं गुलाब म्हणतो. बसचा भरवसा नाही म्हणून, की माझा नाही म्हणून? हे मला आता कधी समजणार नाही. तू सव्वीस साल मला हे विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. एवढा एकच डाव मी तुझ्याशी खरा जिंकलो, आणि तो असा. म्हणून तो लाल टाका ठेवला आहे. सगळे पांढरे केले असते तर ते पुन्हा खोटंच झालं असतं.

बुधवारी सकाळी निघालो. ओटा झाडला. दगडांशेजारी मोळी ठेवली, जरा मोठीच. तिसऱ्या ओट्यावरची माणसं अजून होती. त्या पोरीला बदकं कशी मोजायची ते शिकवून आलो, म्हणजे कशी चुकवायची ते. गुलाबला सांगून ठेवलं की पुढल्या साली रविवारीच येतो, चौकीत खाट टाकून ठेव. तो म्हणाला, "नाना, मग सोमवारी कोण येईल?" मी म्हटलं, "येईल कोणी. नाही आलं तर त्या दगडावर बसेन घटकाभर. मग धापा टाकत येईन. तू रुमाल तयार ठेव."

तंबू मागच्या सीटवर बांधला. तुझ्या गाठीनं बांधायला गेलो, ती जमली नाही, माझ्याच बांधली.

परतताना यावलच्या अलीकडे लागतो तो केळीचा मळा अजून आहे. घड पिशव्यांत बांधलेले, पाटात पाणी सुटलेलं. त्या जागी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं, पाय जमिनीला टेकले. एक माणूस पिशवी उचलून, टोपी सावरून, मागं नीट बसायला जेवढा वेळ लावतो तेवढा थांबलो. तू लठ्ठ होतास, म्हणून थोडा जास्त थांबलो.

मग निघालो. हळू चालवली.